चौथं गीत

काशीबाई: चहा नको टाकू. पोट भरलेलं हाय माजं.

जागृती: मावशी, एवढ्या उन्हात माहीम गावाहून आलात. आधी रिक्षा, मग पालघरहून एसटी, मग परत रिक्षा. निदान पाणी तरी घ्या.

काशीबाई: पाणी खाली घेतलं. तुज्या शेजारणीनं दिलं. तिला विचारलं, चर्चमध्ये गाणारी जागृती कुठं राहते. बोलली, वरची दुसरी खोली. सालवडात सगळी तुला वळखतात.

जागृती: तुम्ही मला ओळखलंत कसं? आपण एकदाच भेटलो. पंढरीदादांच्या मातीला.

काशीबाई: आवाजानं. डोळ्यांत मोतीबिंदू हाय, तोंडं दिसत नाय मला, नुसता धूर दिसतो. त्या दिवशी खड्ड्याकडे तू गात होतीस. आमच्यात जाळतात. तुमी माज्या पोराला मातीत घातला आणि वर गाणी बोललात. तो आवाज मी विसरले नाय.

जागृती: त्यानंतर मी गायले नाही.

काशीबाई: का?

जागृती: घसा बसलाय. असं सांगितलंय सगळ्यांना.

काशीबाई: बरं. मी कामाला आलीय. पंढरी गेला त्या रविवारचं पूर्ण गाणं तुज्या मोबाइलमध्ये हाय. मला ते ऐकव.

जागृती: ती क्लिप सगळ्यांकडे आहे, मावशी. पास्टरांनी ग्रुपवर टाकली होती, तिथून सगळीकडे पसरली. तुमच्या सुनेकडे पण आहे, किंजलकडे.

काशीबाई: ती ऐकली. पालघरच्या बाजारात सुकट घेऊन बसते मी, बाजूच्या सुगंधानं कानाला लावून दिली. बोलली, काशीबाई, पंढरीला काय मरण आलं, ढोलकी वाजवता वाजवता देवाकडे गेला, चाळीस हजार माणसांनी बघितलं. मी तीनदा ऐकलं. त्यात ढोलकी नाय.

जागृती: म्हणजे?

काशीबाई: नाय म्हणजे नाय. माणसं गातात, टाळ्या पडतात, तू हायस, पेटीसारखं ते काय वाजतं ते हाय. मधी मधी तुमचा पास्टर बोलतो. ढोलकी कुठंच नाय. वाजवता वाजवता गेला, तर ढोलकी गेली कुठं?

जागृती: तो अगदी शेवटचा, चाळीस सेकंदांचा तुकडा आहे. तेव्हा ते ढोलकीवर वाकले होते.

काशीबाई: मग त्याच्या आदी वाजवली असेल ना. ते ऐकव.

जागृती: पूर्ण रेकॉर्डिंग आता नाही. फोन भरला होता, मी काढून टाकलं.

काशीबाई: भाग्येश बोलला, हाय.

जागृती: भाग्येश? आमचा कीबोर्डवाला? तो कुठे भेटला तुम्हाला?

काशीबाई: घरी आला होता, मागच्या बुधवारी. पंढरीची ढोलकी घेऊन आला. ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. मी विचारलं, बाबा, तू त्याच्या बाजूलाच वाजवत होतास, काय झालं ते सांग. तो बोलला, जागृतीताईकडे पूर्ण रेकॉर्डिंग हाय, तिला विचारा. दुसरं काय पण विचारलं तरी तेच. तिला विचारा, तिला विचारा. म्हणून मी आली.

जागृती: आहे माझ्याकडे. खोटं बोलले मी.

काशीबाई: बोललीस तर बोललीस. लाव.

जागृती: कशाला ऐकताय, मावशी? उगाच जीवाला त्रास. जे झालं ते आता...

काशीबाई: नऊ वर्षं माज्या पोराचा हात ऐकला नाय मी. तुला माईत हाय काय, आमच्या घरात ढोलकी कशी होती ते?

जागृती: थोडंफार. पंढरीदादा कमी बोलायचे.

काशीबाई: त्याचा बाप माहीमच्या भजनी मंडळाचा ढोलकीवाला. शांताराम बोललं की लोक विचारायचे, ढोलकीवाला काय? दिवसा बोट, संध्याकाळी ढोलकी. पोरगा चार वर्षांचा होता तेव्हापासून मांडीत घेऊन शिकवला. वीस वर्षांचा झाला तेव्हा बाप बोलला, आता मी टाळ घेतो, तू वाजव. मग दारू लागली. बोटीवरनं काढला. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. ती तिथनं तुमच्या प्रार्थनेला जायला लागली, त्याला पण घेऊन गेली, आणि दारू सुटली. ते मी नाकबूल करत नाय. दोन वर्षं मी नवस केले ते फुकट गेले आणि तुमच्याकडे चार महिन्यांत सुटली. पण बाप बोलला, ज्या हातानं इथं वाजवलंस त्याच हातानं तिकडे वाजवणार असशील तर माज्या ओट्यावर पाय ठेवू नको.

जागृती: म्हणून ते इकडे बोईसरला आले.

काशीबाई: आला. कंपनीत लागला. मग हे गेले, तीन वर्षं झाली, तेव्हा आला. बापाच्या पुढं भजन चाललं होतं, ढोलकी दुसऱ्याच्या गळ्यात. हा मागं चालत होता, दोन्ही हात खिशात घालून. मी बोलली, वाजव रे बाबा, शेवटचं वाजव. तो बोलला, आई, मला चालत नाय.

जागृती: विचारून गेले होते ते. त्या सकाळी पास्टरांकडे आले, म्हणाले, वडील गेलेत, वाजवू का? पास्टर म्हणाले, एकदा जे हात प्रभूला वाहिले ते दुसरीकडे कसे लावणार, तूच विचार कर. मी तिथेच होते, गाण्यांची यादी काढत.

काशीबाई: तू काय बोललीस?

जागृती: काही नाही.

काशीबाई: आणि तो?

जागृती: बरं म्हणाले आणि गेले.

काशीबाई: लाव आता.

(जागृती मोबाइल काशीबाईच्या कानाशी धरते. आधी एका माणसाचं बोलणं, मग गाणं.)

काशीबाई: हा कोण बोलतोय?

जागृती: पास्टर. पाहुण्यांची ओळख करून देतायत. वापीवरून मोठे पाळक आले होते त्या रविवारी. हॉल भरून जिन्यापर्यंत माणसं होती. तीन गीतं झालीत, हे चौथं. मी माझा मोबाइल स्टेजसमोर स्टँडवर लावून ठेवला होता.

काशीबाई: हां. आला. हा माजा पंढरी. आवाज वाढव जरा. हा ठेका कोणी सांगितला त्याला?

जागृती: त्यांनीच बसवला. हे गीत आम्ही पूर्वी संथ म्हणायचो, माणसं जांभया द्यायची. ते म्हणाले, ताई, हे पळवूया, माझ्याकडे हाताची एक चाल आहे. तेव्हापासून मंडळीला हेच गीत लागतं दर रविवारी.

काशीबाई: त्याची नाय ती. ह्यांची हाय. शेवटाला दोन बोटांचा धक्का देतो, ऐक, आता देईल, हा. हा धक्का आख्ख्या माहीममध्ये ह्यांच्याशिवाय कोणी देत नव्हतं. बापानं घरातनं काढला आणि हा इकडे बापाचाच हात वाजवत बसला होता.

जागृती: आम्हाला कधी सांगितलं नाही त्यांनी.

काशीबाई: तुमाला सांगून काय करेल? ऐकू दे.

जागृती: हो.

काशीबाई: थांबव.

जागृती: काय झालं?

काशीबाई: मागं घे. जरासं. हां, इथनं. ऐकलंस? धूम गेली.

जागृती: धूम?

काशीबाई: ढोलकीची डाव्या हाताची बाजू. भरून वाजते ती. उजवीकडे शाई, ती टणटणते. इथपर्यंत दोन्ही होत्या. इथनं पुढं नुसती उजवी हाय. डावा हात गेला त्याचा.

जागृती: साउंडचं काहीतरी असेल. आमचा मिक्सर जुना आहे, मध्येच एखादा माईक जातो.

काशीबाई: ढोलकीला किती माईक होते?

जागृती: एकच. मधे लावलेला.

काशीबाई: एक माईक अर्धा कसा जाईल, पोरी?

जागृती: नाही जाणार.

काशीबाई: पुढं लाव. उजव्या हातानं दोन्ही कामं करतोय बग. बाप असाच शिकवायचा, डावा हात बोटीवरच्या दोरानं कापला तर काय थांबशील काय, उजव्यानं ओढ. ओढतोय. पण जीव नाय त्यात. हातातनं सुटतंय. आता थांबेल. थांबायला पायजे इथं.

जागृती: मावशी, बास करूया का?

काशीबाई: हात काढू नको. हे काय? धूम परत आली.

जागृती: हो.

काशीबाई: आली, पण वाजवत नाय तो. हात उचलून टाकतोय. खांद्यापासनं फेकतोय, कसा पण पडतो. बोटं नाय त्यात. हा माज्या पोराचा हात नाय, हे लाकूड हाय. गेलेला हात परत कसा आला?

जागृती: मला नाही सांगता येणार.

काशीबाई: तो आपल्या मनानं थांबत होता. मी ऐकलं ना, सुटत होतं. मग अचानक फेकायला लागला. कोणीतरी काहीतरी बोललं त्याला. कोण?

जागृती: तुम्हाला दिसत नाही ना यातलं काही?

काशीबाई: काय दिसायला पायजे होतं?

जागृती: काही नाही.

काशीबाई: जागृती.

जागृती: मी वळले होते. ते उजवीकडे माझ्या मागे बसायचे. ठेका रिकामा झाला तसं मला पुढे गाता येईना, पायाखालची फळी काढल्यासारखं झालं. मी गाता गाता वळून बघितलं. चेहरा घामानं भिजलेला, डावा हात मांडीवर. त्यांनी मान हलवली. नाही, अशी. उजवा हात छातीला लावला एकदा आणि परत वाजवायला लागले.

काशीबाई: मग?

जागृती: मी डोळे मोठे केले. हातानं खूण केली. उचल. भरून वाजव. ते परत मान हलवायला लागले तर मी... मी बोटानं पाहुण्यांकडे दाखवलं.

काशीबाई: छातीला हात लावलेला दिसला तुला?

जागृती: दिसला.

काशीबाई: आणि तरी?

जागृती: मला वाटलं, पुन्हा प्यायला लागले.

काशीबाई: काय?

जागृती: घाम, हात थरथरतोय, डोळे जड. त्याच्या आदल्या रविवारी पण ठेका ढिला पडला होता, मी सगळ्यांसमोर बोलले होते त्यांना. मला वाटलं, आपल्या वर्शिप टीममधला माणूस पाहुण्यांसमोर पिऊन आलाय. राग आला. राग नाही, लाज वाटली. मी ठरवलं, गीत संपू दे, मग बघते. नंतर कळलं, बारा तासांची ड्यूटी करून गेटवरून थेट हॉलवर आले होते. घरी पण गेले नव्हते. भाग्येशला म्हणाले होते, खांदा दुखतोय, केमिकलचे ड्रम ढकलून दुखत असेल.

काशीबाई: नऊ वर्षं थेंब घेतला नव्हता त्यानं.

जागृती: माहीत आहे.

काशीबाई: आता माईत हाय. खूण केलीस तिथनं पडेपर्यंत किती वेळ?

जागृती: चार मिनिटं.

काशीबाई: मोजलीस?

जागृती: मोजली, बऱ्याच वेळा. चार मिनिटं आणि अकरा सेकंद.

काशीबाई: एवढा वेळ तो लाकडाच्या हातानं वाजवत होता.

जागृती: हो.

काशीबाई: आणि तू गात होतीस.

जागृती: मी गात होते.

काशीबाई: पडला कसा?

जागृती: पडले नाहीत. वाकले. कपाळ ढोलकीवर टेकलं, दोन्ही हात बाजूला पसरले. आमच्याकडे आराधनेत माणसं अशी वाकतात, मावशी, गुडघ्यांवर येतात, रडतात. सगळ्यांना तेच वाटलं. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. पास्टरांनी हात वर केला, म्हणाले, थांबू नका, पवित्र आत्मा काम करतोय. पाहुणे पण उभे राहिले. शेवटचं कडवं आम्ही तीनदा म्हटलं.

काशीबाई: तो पडून होता तेव्हा.

जागृती: अडीच मिनिटं. किंजल पहिली उठली. बायकांच्या ओळीतून ती पुढे आली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ओरडली. तेव्हा मी थांबले. ओठ काळे पडले होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, इथे आणायच्या आधीच गेलेत.

काशीबाई: आदी थांबला असता तर वाचला असता?

जागृती: मी विचारलं नाही डॉक्टरांना.

काशीबाई: का?

जागृती: हो म्हणाले असते तर?

काशीबाई: शेवटी काय बोलला काय तो? वाकताना? आई, असं काय? किंवा तुमच्या येशूचं नाव?

जागृती: मी ऐकलं नाही. माझा आवाज स्पीकरवर होता. भाग्येश बाजूला होता, तो म्हणतो, काहीतरी बोलले, पण गाण्यात कळलं नाही.

काशीबाई: यात लागेल काय? कान लावून ऐकलं तर?

जागृती: नाही लागत. मी हेडफोन लावून ऐकलंय. नुसती मी आहे तिथे.

काशीबाई: बंद कर ते.

जागृती: मावशी, मला माफ करा. मी तुमचे पाय धरते, मी जाणूनबुजून...

काशीबाई: ऊठ. पाय सोड माजे. तुमच्यात माफी लगेच मिळते, पंढरी सांगायचा फोनवर. आई, मागितली की मिळते, असं. माज्याकडे नाय ती. असती तर दिली असती.

जागृती: मी खूप प्रार्थना केली. पाच आठवडे झोप नाही. धर्मेश पण विचारतात, काय झालंय, मी नवऱ्याला पण सांगितलं नाही. उभी राहते स्टेजवर, ओठ हलवते, आवाज येत नाही. ढोलकीवर आता दुसरा बसतो. त्यानं हात उचलला की मला...

काशीबाई: तो चाळीस सेकंदांचा तुकडा कोणी कापला?

जागृती: मी.

काशीबाई: पास्टर बोलला कापायला?

जागृती: पास्टर म्हणाले, तो शेवटचा क्षण मंडळीला दाखवूया, साक्ष आहे ती. कुठून कापायचं ते मी ठरवलं. वाकल्यावर सुरू केलं. त्याच्या आधीचं कोणाला दिसू नये म्हणून. पास्टरांना माहीत नाही, मावशी. ते खरंच मानतात, की देवानं आराधनेतून उचलून नेलं. मातीच्या दिवशी ते रडले ते खोटं नव्हतं.

काशीबाई: बापाच्या वेळी पंढरीला बोलला ते पण तो खरंच मानत असेल.

जागृती: हो.

काशीबाई: आता चाळीस हजार माणसांना वाटतं माजा पोरगा हसत गेला.

जागृती: मी सांगणार आहे. या रविवारी उभी राहते मंडळीसमोर आणि सगळं सांगते. पूर्ण रेकॉर्डिंग लावते पडद्यावर. मग मला काढू दे टीममधून, चर्चमधून काढू दे.

काशीबाई: आणि मग काय होईल?

जागृती: खरं बाहेर येईल.

काशीबाई: काय होईल ते मी सांगू? तू उभी राहशील, रडशील. बाया पण रडतील. पास्टर येऊन तुज्या डोक्यावर हात ठेवेल. कोणीतरी गाणं लावेल. सगळी हात वर करतील आणि तुजं ओझं हलकं होईल. माज्या पंढरीचं दुसऱ्यांदा गाणं होईल.

जागृती: मग मी काय करू?

काशीबाई: किंजलला सांगितलंस?

जागृती: नाही.

काशीबाई: आदी तिला सांग. खोलीत. गाणं नाय, माईक नाय.

जागृती: तिला नको, मावशी. तुम्ही बघितलं नाही तिला. ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती क्लिप लावते, पोरीला बाजूला घेऊन. म्हणते, बघ, बाबा कसे गेले, देवाच्या पायांशी गेले. तेवढ्यावर ती उठते, डबा भरते, कंपनीत जाते. ते काढून घेतलं तर तिच्याकडे काय राहील?

काशीबाई: नवरा राहील. खरा.

जागृती: तिला हे सहन नाही होणार.

काशीबाई: मला झालं काय? तू मला सांगितलंस आणि मी इथं बसलीय. तिचा पण तो माणूस होता. दारूत असताना तिनं सांभाळला, मी नाय. मी दाराला कडी लावून झोपायची. ती रस्त्यावरनं उचलून आणायची त्याला. सोडून गेली, तरी तिनंच परत येऊन सोडवला. तिला खोटं सांगायचा हक्क तुला नाय. मला पण नाय.

जागृती: ती मला ताई म्हणते. माझ्याकडेच येऊन रडते. मी तिला तेच सांगत आलेय, की ते आनंदात गेले.

काशीबाई: आता दुसरं सांग.

जागृती: कसं सांगू?

काशीबाई: मला सांगितलंस तसं. आदी खोटं बोललीस, मग माईकचं बोललीस, मग सांगितलंस. तिला पयल्यापासनं खरं सांग. छातीला हात लावला ते सांग. दारूचं तुला वाटलं ते पण सांग, लपवू नको. ती विचारेल ते सगळं सांग. ओरडली तर ओरडू दे. मारलं तर मार खा.

जागृती: आणि पास्टरांना?

काशीबाई: ते किंजल ठरवेल. तिचा नवरा. तो तुकडा ठेवायचा की काढायचा, लोकांना सांगायचं की नाय, ते तिनं बोलायचं. मी कोण, मी तर नऊ वर्षं त्याला बघितला पण नाय धड.

जागृती: तुम्ही फोनवर बोलायचात म्हणालात.

काशीबाई: तो बोलायचा, मी ऐकायची. दर शनिवारी. जेवलीस काय, डोळ्यांचं ऑपरेशन कदी करायचं, मी सुट्टी टाकतो. मी हां नाय एवढंच बोलायची. एकदा बोलला, आई, ये ना एक रविवार, मागं बस, काय करू नको, नुसतं ऐक. मी बोलली, तुज्या बापाला काय तोंड दाखवू वर गेल्यावर. मग परत बोलला नाय तो.

जागृती: आम्हाला म्हणायचे, माझी आई एक दिवस येईल.

काशीबाई: आली ना.

जागृती: मावशी, रडा तुम्ही. मी बाहेर जाते हवं तर.

काशीबाई: रडायचं घरी. किंजल कामावरनं कदी सुटते?

जागृती: पाचला. साडेपाचपर्यंत खोलीवर येते. पोरगी शेजारी असते तोपर्यंत.

काशीबाई: आता किती वाजले?

जागृती: साडेचार होत आले.

काशीबाई: कुठं राहते ती? लांब हाय काय?

जागृती: पलीकडच्या चाळीत. चालत दहा मिनिटं. पण आजच? मला जरा वेळ द्या, मी उद्या नक्की...

काशीबाई: उद्या तू परत मोजत बसशील, चार मिनिटं आणि अकरा सेकंद. चप्पल घाल. मोबाइल घे.

जागृती: तुम्ही पण येणार?

काशीबाई: मला वाट दिसत नाय, तुज्या हाताला धरून येईन.

जागृती: ती तुमच्याशी बोलत नाही, मावशी. मातीच्या दिवसापासून. तुमचं नाव काढलं तरी उठून जाते.

काशीबाई: माईत हाय. खड्ड्यासमोर मी तिला बोलली, तूच माजा पोरगा खाल्लास. सगळ्यांच्या देखत.

जागृती: मग तिनं दार नाही उघडलं तर?

काशीबाई: बाहेर बसू. कदीतरी उगडेल. पोरीला घ्यायला तरी बाहेर येईल ना.

जागृती: आणि उघडलं तर मी आधी काय बोलू? तुम्ही बोलाल का सुरुवातीला?

काशीबाई: नाय. बोलायचं तुलाच. तू समोर बसून सांग. मी तिच्या बाजूला बसेन.